सहा टोप्या परत करायला पुण्याला

दिवस पहिला, गुरुवार

सांगलीहून सकाळी सहाच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर बुटांचा खोका होता आणि खोक्यात बूट नव्हते. हिरव्या रंगाच्या सहा बेरे टोप्या होत्या, म्हणजे फौजी घालतात त्या बिनकाठाच्या, मऊ, एका कानावर कलत्या. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने कूटच्या वेढ्यावर दोन अंकी नाटक केलं, त्यातल्या मराठा शिपायांच्या या टोप्या. मध्यंतरात एक वयस्क गृहस्थ रंगपटात आले, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या. टोपीकडे बोट दाखवून म्हणाले, "नाटक कुठल्या सालातलं?" मी म्हणालो, १९१६. "मग ही टोपी कुठून आली? इंग्रजांच्या रणगाडेवाल्यांनाच ती अधिकृतपणे १९२४ साली मिळाली." एवढं बोलून ते परत खुर्चीवर जाऊन बसले. दुसऱ्या अंकात माझं लक्ष नाटकात नव्हतंच. कपडेपट माझ्याकडे होता ना.

यंदा तेच नाटक पुन्हा उभं राहतंय. म्हणून चार दिवस रजा टाकली आणि निघालो. टोप्या पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानातून आणल्या होत्या. जमल्यास परत द्यायच्या, आणि त्या काळी शिपायाच्या डोक्यावर खरोखर काय होतं ते बघून यायचं.

कूटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुण्यातही ती फारशी कुणाला ठाऊक नसते. मेसोपोटेमियात तिग्रिस नदीकाठी कूट-अल-अमारा नावाचं गाव. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी जी फौज कोंडून धरली, तिचं नाव होतं सहावी (पूना) डिव्हिजन. सेनापती टाउनशेंड. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. ज्या शहराचं नाव त्या डिव्हिजनला होतं, त्या शहरात टोपी शोधायला जायचं हे मला रास्त वाटलं.

खंबाटकीत अर्धा तास गेला. स्वारगेटला भाचा दुचाकी घेऊन उभा. त्याने पहिल्यांदा काय केलं तर हेल्मेट पुढे केलं. मी चकित. "मामा, दिवस बदललेत, कॅमेरे आहेत." अरे, पण हेच ना ते शहर, जिथे हेल्मेटसक्ती म्हटली की मोर्चे निघतात? डोक्याला लोखंडी टोप नको म्हणणारे जगात पुणेकर एकटे नाहीत म्हणा. दोन्ही महायुद्धांत शीख शिपायांनी पगडी उतरवून हेल्मेट घालायला नकार दिला आणि गोळ्यांच्या वर्षावात पगडीनिशी लढले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये आजही पगडी बांधलेल्या शिखांना हेल्मेटची सूट आहे. पुणेकरांचं कारण वेगळं. केस खराब होतात.

संध्याकाळी मंडईत गेलो. टिळकांचा पुतळा बघितला. १९२४ साली मोतीलाल नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. म्हणजे रणगाडेवाल्यांची बेरे आणि हा पुतळा एकाच वर्षीचे. हा योगायोग मला उगीचच आवडला. पुतळ्याच्या डोक्यावर अर्थात पगडी.

तिथून जवळच झेंडे, फेटे, पगड्या विकणारं एक दुकान आहे. आत पाटी: 'पगडी डोक्यावर ठेवून फोटो काढणाऱ्यांनी आधी पावती दाखवावी.' मालकांनी मात्र मला अर्धा तास दिला. पगडी आणि पागोटं यांत फरक काय, असं विचारलं तर पहिल्यांदा माझ्याकडे नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. पागोटं, फेटा, मुंडासं, पटका ही सगळी बांधायची चीज. कापड घ्या, डोक्याला गुंडाळा, रात्री सोडून खुंटीला लावा. पगडी एकदाच बांधून, टाचून कायमची करून ठेवतात. सकाळी उचलायची, डोक्यावर ठेवायची. पुढे जो टोकदार उंचवटा दिसतो ती कोकी. "कोकी बसली नाही तर पगडी आंबाड्यासारखी दिसते," ते म्हणाले. जुनी चक्रीबद्ध पगडी बांधायला वेळ खाई, म्हणून न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात ही सुटसुटीत, तयार पगडी रुळली असं सांगतात. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, जसं हापूसला मिळालं तसं.

पण एका पगडीवर पुणं भागत नाही. भिंतीवर पुणेरी पगडीशेजारी महात्मा फुल्यांचं पागोटंही तयार करून टांगलेलं होतं. जून २०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्यातल्याच सभेत यापुढे पक्षाच्या समारंभांत पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी घालायची असं जाहीर केलं, तेव्हापासून मागणी दोन्हीकडे वाढली. मालकांना दोन्हींत काही डावंउजवं नाही. "आमचं काय, डोकं तुमचं."

शिपायाचं विचारलं तर त्यांनी हात वर केले. "मावळा पाहिजे तर देतो."

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी राजा केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलेलं. अडकित्ते आणि दिवे बघायला लोक येतात, मी शस्त्रांकडे गेलो. जुन्या पद्धतीचं शिरस्त्राण म्हणजे लोखंडाची वाटी, वर टोक, नाकासमोर खालीवर सरकणारी पट्टी आणि मानेवर उतरणारी कड्याकड्यांची जाळी. फारसीत कड्यांच्या चिलखताला जिरह म्हणतात. जिरेबख्तरातला 'जिरे' तो, आणि जिरेटोपातलाही तोच. म्हणजे जिरेटोप हा शब्द मुळात लोखंडाचा आहे! आपण नाटकात मखमलीचा, मोत्यांच्या लडी सोडलेला जिरेटोप घालतो आणि त्याला खुशाल जिरेटोप म्हणतो. बखरींत अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांनी डोक्याला आतून टोप घातल्याचं येतं, तो अर्थातच लोखंडी. मखमलीने तलवारीचा वार अडत नाही.

हे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मिसळ खायची का?"

खाल्ली. मग पेठेतल्या एका ड्रेपरीवाल्याकडे, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे, गेलो. नाव देत नाही, कारण पुढे जे लिहितोय ते त्यांना आवडणार नाही. ड्रेपरी मोठी. जमिनीपासून छतापर्यंत कप्पे, प्रत्येकावर खडूने नाव: मावळा, पेशवाई, शिंदेशाही, होळकरी, मंदिल, जिरेटोप, वारकरी, गांधी, तुर्की. मला भरून आलं. मग इंग्रजी फौजेचं विचारलं. मालकांनी एकच ट्रंक ओढली. झाकणावर लिहिलेलं, 'इंग्रज'. आत काय नव्हतं? पुठ्ठ्याची सोला टोपी, बँडवाल्यांची पिसं लावलेली टोपी, पोलिसांची जुनी टोपी, एक नेव्हीची पांढरी, आणि प्लास्टिकचं बांधकामवाल्यांचं हेल्मेट, खाकी रंग मारलेलं. "हीच सगळे नेतात. प्रेक्षकाला काय कळतंय?"

मला राग आला, पण लगेच आठवलं की सहा बेरे टोप्या घेताना मीही हेच म्हटलं होतं. आणि हे आजचं नाही. शिवकाळानंतरच्या आज्ञापत्रात पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरांसीस सगळ्यांना मिळून एक नाव आहे, टोपीकर. आपल्या डोक्यावरच्या प्रत्येक वळणाला आपण वेगळा शब्द ठेवला, शिंद्यांची पगडी आणि होळकरांची पगडी लांबून ओळखली. समोरच्याची मात्र ती नुसती टोपी. तिकडचे लोक काय कमी होते? त्यांच्याकडे तीन कोपऱ्यांची ट्रायकॉर्न, दोन कोपऱ्यांची बायकॉर्न जी नेपोलियन आडवी घालायचा, हंगेरीकडून आलेली नळकांड्यासारखी शाको, अस्वलाच्या कातड्याची बेअरस्किन, फ्रेंचांची बुटकी केपी, प्रशियाची डोक्यावर सुळा असलेली पिकेलहाउबे. त्यांनी आपल्या सगळ्या फेट्या-पागोट्यांना 'टर्बन' म्हणून एका ट्रंकेत कोंबलं. फिटंफाट झाली.

सोला टोपीचं मात्र एक सांगण्यासारखं आहे. लोक तिला 'सोलर' समजतात, सूर्याशी संबंध जोडतात. तसं काही नाही. बंगाल-आसामच्या पाणथळीत शोला नावाची वनस्पती येते, तिचा पांढरा, फुलासारखा हलका गाभा काढून ती टोपी बनवत. बंगाली नवरदेवाचा टोपोर याच शोल्याचा. आणि आपण मराठीत याला काय म्हणतो? भेंड! आपली भेंडाची बाशिंगं, ती याच जातीची. म्हणजे ज्या गोऱ्या साहेबाला बघून आपले आजोबा बाजूला होत, तो डोक्यावर बाशिंगच बांधून फिरत होता. आमच्या नाटकातला मेजर यापुढे खुर्चीवर बसताना टोपी हलकेच ठेवेल, आपटणार नाही. भेंड चेपतं.

दुपारी कॅम्प. पुण्यातले जुने लोक अजून 'लष्करात जाऊन येतो' म्हणतात. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. त्यानंतर इंग्रजांची छावणी पुण्यात बसली ती बसलीच. गल्लीत मिलिटरी शिंप्यांची दोनतीन दुकानं. काचेत बिल्ले, फिती, लॅनयार्ड, खांद्यावरचे तारे. मी खोका काउंटरवर ठेवला.

दुकानदार साठीपुढचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी एक टोपी उचलली, उलटी केली, वास घेतला. "या तुम्ही बसवल्याच नाहीत."

बसवायच्या म्हणजे?

मग तासभर शाळा झाली. नवी बेरे म्हणजे तव्यावरून काढलेला घावन. ती कोमट पाण्यात भिजवायची, पिळायची, डोक्यावर घालून उजवीकडे ओढायची आणि डोक्यावरच वाळू द्यायची. काही जवान वरची लव रेझरने काढून गुळगुळीत करतात. पट्टी कपाळावर आडवी सरळ, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, कापडाचा झोल उजव्या कानावर. फ्रेंच लोक उलट, झोल डावीकडे. "तुमच्या फोटोत सहा जणांच्या सहा तऱ्हा आहेत," मोबाइलवर आमच्या नाटकाचा फोटो बघून ते म्हणाले. "एकाची तर इडली दिसते." तो आमचा नायक होता.

रंगांचंही त्यांनी मोजून सांगितलं. पॅराशूट रेजिमेंटची मरून, चिलखती दलाची काळी, पायदळाची हिरवी, मिलिटरी पोलिसांची लाल, संयुक्त राष्ट्रांच्या कामावर असलेल्यांची आकाशी निळी. ही निळी १९५६ च्या सुएझ प्रकरणातून आली. तिथे गेलेल्या शांतिसैनिकांना लांबून ओळखता यावं म्हणून आधी हेल्मेटं निळी रंगवली, बेरे नंतर. काळीचं कारण फारच घरगुती आहे. रणगाड्यात सगळीकडे तेल आणि ग्रीस, काळ्या कापडावर डाग दिसत नाही. आणि काठ नसल्याने डोळ्याला दुर्बीण लावता येते, झाकणातून आतबाहेर होता येतं. मरून टोपी मी सहज हातात घेतली, तर त्यांनी अलगद काढून घेतली. "ही ओळखपत्राशिवाय देत नाही. कमवावी लागते."

वरच्या फळीवर गोरखा हॅट होती. तिला तराई हॅटही म्हणतात. लांबून एक दिसते, पण असतात दोन. फेल्टच्या दोन हॅट एकात एक घालून शिवलेल्या, म्हणून ऊन आत शिरत नाही. घालायची उजवीकडे कलती, आणि पट्टा हनुवटीखाली नाही, खालच्या ओठाखाली. ऑस्ट्रेलियन शिपायांची हॅट हिची चुलत बहीण. तिचा डावा काठ वर दुमडून टाचलेला, खांद्याला बंदूक लावताना आडवा येऊ नये म्हणून.

आणि मग काउंटरखालून एक खाकी लोकरीची वस्तू काढली. "ही ओळखा." मी हसलो. ही तर आमच्या वडिलांची माकडटोपी! डिसेंबर लागला की पहाटे फिरायला जाताना ती डोक्यावर, वर मफलर. फौजेत तिला बॅलाक्लाव्हा म्हणतात. क्रिमियातल्या गावाचं नाव, जिथे २५ ऑक्टोबर १८५४ ला इंग्रज आणि रशियन लढले. सारसबागेत फिरणाऱ्या समस्त आजोबांना कुणीतरी सांगायला हवं की ते युद्धाच्या पोशाखात आहेत.

विकलेल्या टोप्या परत घेतल्या नाहीत. तसा बोर्डच होता, माझ्या डोक्यामागे.

दिवस तिसरा, शनिवार

पावसाची भुरभुर. सकाळी घोरपडीचं युद्धस्मारक. १५ ऑगस्ट १९९८ पासून खुलं आहे, आणि नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. आवारात मिग विमान आहे, पोरं तिथेच रमतात. मी नावं वाचत गेलो. गावांची नावं ओळखीची, आडनावं तर आमच्या हजेरीपटातलीच. इथे टोप्यांचा विचार करवेना. उलट्या बंदुकीवर हेल्मेट ठेवण्याची खूण आपण इंडिया गेटवर १९७२ पासून २०२२ पर्यंत बघितली. रणांगणात घाईने पुरलेल्या माणसाची जागा कळावी म्हणून ती पद्धत पडली. खाली माणूस आहे, एवढंच ती सांगते. लवकर बाहेर आलो.

वानवडीला शिंदे छत्री वाटेतच. महादजी शिंद्यांचं निधन १२ फेब्रुवारी १७९४ ला इथेच झालं. आत शिंदे घराण्यातल्या पुरुषांच्या तसबिरी आहेत, त्यांच्या डोक्यावर ती कलती, टोकदार, नावेसारखी शिंदेशाही पगडी बघावी. पाऊस होता तरी आवारात छत्री मिटवावी लागली. महादजींच्या समाधीपाशी दुसऱ्या कुणी छत्री धरायची नाही. भाचा भिजला आणि कुरकुरला. मला ते पटलं.

दुपारी जिच्यासाठी आलो ती भेट. भाच्याच्या मित्राचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वानवडीतच राहतात. दारात पोचलो तोच म्हणाले, "या मास्तर. खोक्यात बेरी आहे म्हणे." सगळे फौजी तिला 'बेरी'च म्हणतात. त्यांनी खोका उघडलासुद्धा नाही.

भिंतीवर त्यांच्या आजोबांचा फोटो. १०३ नंबरात होते, कूटला कैद झाले आणि लढाई संपल्यावर परत आले. स्टुडिओतला फोटो, मागे रंगवलेला जिना आणि कुंडी. मी खुर्चीवर चढून जवळून बघितला. डोक्यावर खाकी साफा. बुटका, घट्ट, पट्टा पट्टा मोजता येईल असा. मागे शेमला, म्हणजे कापडाचं सुटं टोक, मानेवर सोडलेला. ना तुरा, ना कलगी. त्या उन्हात मानेवर कापड हवंच. जखम झाली तर सोडून बांधायला पट्टीही तीच, रात्री अंगावर पांघरूणही तेच.

"बांधता येतो का?" मी विचारलं.

"मला फेटा येतो. हे बघून बांधू."

घरात खाकी कापड नव्हतं. सुनेने एक जुनी सुती साडी दिली, नको नको म्हणत. पहिल्यांदा ती भिजवली. मग एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, मधलं अंतर दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. ताणून, झटकून, लांबीत घडी घालायची, ती घडी सगळीकडे सारखी आली पाहिजे. इथेच निम्मं काम. "ढील देऊ नका मास्तर!" मी तीन वेळा ढील दिली. मग भाच्याला स्टुलावर बसवलं. एक टोक त्याच्या दातात, तेच नंतर शेमला होतं. उजवीकडून पहिला फेर, कपाळावर चढता, डावीकडून दुसरा, त्यावर तिरका, प्रत्येक फेर आधीच्याला बोटभर उघडा ठेवून. भाचा दातात कापड धरून काहीतरी बोलायला बघत होता. "दात उघडले तर पहिल्यापासून," सुभेदार म्हणाले. तो गप्प बसला.

पहिला सुटला. दुसरा डोळ्यावर आला. तिसरा बसला. फोटोशी ताडून बघितला, तर सुभेदारांनी मान हलवली. "आज्याचा डावा कान उघडा आहे. हुकूम ऐकायला." हे खरं की त्यांनी तिथल्या तिथे रचलं, मला ठाऊक नाही. पण आमच्या सहाही शिपायांचा डावा कान यंदा उघडा राहील.

निघताना मी ती सहा टोप्यांची गोष्ट पुन्हा काढली. गेल्या वर्षी सांगलीत रंगपटात आलेल्या गृहस्थांबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, मिशा पांढऱ्या होत्या का? मी हो म्हटलं. "आमच्यातल्या सगळ्यांच्याच असतात."

दिवस चौथा, रविवार

लक्ष्मी रोडला खाकी सुती कापड घेतलं, सहा जणांचं प्रत्येकी सहा मीटर. दुकानदाराने विचारलं, पडदे का? हो म्हटलं. समजावत बसायची ताकद नव्हती.

बेरे टोप्या भाच्याच्या खोलीवर सोडल्या. त्याच्या मित्रांनी त्या लगेच डोक्यावर चढवल्या, सहाच्या सहा इडल्या. मी दोघांच्या नीट करून दिल्या, झोल उजवीकडे, पट्टी आडवी. बाकीचे थांबले नाहीत.

परतीची एसटी रिकामी होती. साताऱ्याला एक म्हातारे शेतकरी शेजारी बसले, डोक्यावर इस्त्रीची पांढरी गांधी टोपी. गांधींनी स्वतः ती दोनेक वर्षंच वापरली. आमच्या भागात ती शंभर वर्षं टिकून आहे. कराडपर्यंत त्यांना डुलकी लागली, टोपी माझ्या खांद्यावर कलली, तरी पडली नाही.

रात्री साडेनवाला तालीम. नायकाला साफा बांधायला सतरा मिनिटं लागली. दुसऱ्याच वाक्याला त्याने मान झटकली आणि सगळा साफा हातात आला. दिग्दर्शक हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा बांधा. आणि झटका काढून टाका, कूटमध्ये कुणाच्या अंगात एवढी ताकद उरली होती?"